मिठू नऊ दिवस जेवत नाही: कॅमेलिऑनने अन्न सोडलं तर काय तपासायचं

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलाच्या अकराव्या वाढदिवसाला व्हेल्ड जातीचा कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आणला. आता तो साधारण आठ महिन्यांचा आहे. हिरवागार म्हणून मुलाने नाव ठेवलं मिठू. गेल्या ९ दिवसांत मिठूने एकही रातकिडा खाल्लेला नाही, पाणी मात्र भरपूर पितो. एरवी सगळ्यात वरच्या फांदीवर बसणारा प्राणी चार दिवसांपासून पिंजऱ्याच्या तळाशी फेऱ्या मारतोय आणि कोपऱ्यात नखांनी ओरबाडतोय. जवळच्या दवाखान्यात फक्त कुत्री-मांजरं बघतात. ओळखीच्या एकाने सिरिंजने बळेच भरवायला सांगितलंय. गावाहून सासूबाई फोनवर म्हणतात की असला सरडा विषारी असतो, घरात नको. सोबत पाच फोटो, आणि शेवटी एक ओळ: "सिरिंज आणून ठेवलीय. आज रात्री भरवू का?"

ताई, आधी शेवटच्या ओळीचं उत्तर देते. नका भरवू. सिरिंज बाजूला ठेवा आणि तुमचाच तिसरा फोटो मोठा करून बघा. त्यात मिठू फांदीवर चढतोय आणि मागचे दोन्ही पाय मागून स्वच्छ दिसतात. व्हेल्ड जातीच्या नराच्या मागच्या पायाला, टाचेच्या जागी, एक बारीक मांसल काटा असतो. कोंबड्याच्या पायाला मागे असतो तसा, पण बोथट. नर अंड्यातून बाहेर पडतो तेव्हापासूनच तो असतो. वय वाढलं की फुटेल, असं त्याचं नसतं. तुमच्या मिठूच्या दोन्ही टाचा सपाट आहेत. मिठू मादी आहे.

एवढं कळलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जुळायला लागतात. आठ महिन्यांची मादी, खाणं बंद, पाणी चालू, तळाशी येरझारा, कोपऱ्यात उकरणं. पहिल्या फोटोत अंगावर गडद हिरव्यावर पिवळे आणि निळसर ठिपके उठलेत, पोट दोन्ही बाजूंनी भरल्यासारखं दिसतंय. माझ्या अंदाजाने तिच्या पोटात अंडी आहेत आणि ती घालायला जागा शोधतेय. या जातीच्या माद्या पाच-सहा महिन्यांतच वयात येतात. नर कधी नजरेला पडला नसला तरी अंडी होतात, कोंबडी कोंबड्याशिवाय घालते तशीच. त्यातून पिल्लं निघत नाहीत एवढंच. अंडी घालण्याआधी काही दिवस मादी खाणं कमी करते, कधी पूर्ण थांबवते, कारण पोटात जागाच उरत नाही. तहान मात्र वाढते. त्यामुळे तिचं न खाणं हा कदाचित आजार नाही. पण तिला जागा मिळाली नाही तर मात्र त्याचा आजार होतो, आणि तो जिवावर बेततो.

म्हणून आज रात्रीचं काम वेगळं आहे. पिंजऱ्यात मावेल असा, निदान १ फूट खोल, बाजूंनी आरपार न दिसणारा प्लास्टिकचा डबा आणा. त्यात मुलांच्या खेळण्यासाठी मिळते ती धुतलेली वाळू भरा, ८ ते १० इंच तरी. पाणी घालून मळा. नेमकं किती ओलं, हे मापाने सांगता येत नाही, हाताने कळतं: मूठभर घेऊन दाबली तर गोळा राहिला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. मग मधोमध हात घालून बोगद्यासारखं भोक पाडा. वरून कोसळलं नाही तर वाळू जमली. ती मुळात खडकाळ, डोंगरउताराच्या प्रदेशातली आहे, येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली. तिथे ती झुडपाच्या बुडाशी ओलसर जमिनीत बोगदा खणते. कोरड्या वाळूत बोगदा उभाच राहत नाही, आणि तुमच्या पिंजऱ्याच्या तळाला तर नुसतं प्लास्टिक आहे. चार दिवस ती त्याच प्लास्टिकला ओरबाडतेय.

डबा ठेवलात की पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंना चादर लावा, चौथ्या बाजूला फक्त बघण्यापुरती फट ठेवा. हे मी फार कळकळीने सांगतेय. खणताना तिला कुणी बघतंय असं वाटलं तर ती अर्धवट बोगदा टाकून वर निघून जाते, आणि असं दोनतीनदा झालं तर अंडी पोटातच धरून ठेवते. मुलाला समजावून सांगा की दोन दिवस मिठूजवळ जायचं नाही, दार उघडायचं नाही, मोबाइलचा फ्लॅश तर मुळीच नाही. दिवा ठरलेल्या वेळेला बंद होऊ दे. ती रात्री अर्ध्या बोगद्यात झोपली तरी तिला उचलून फांदीवर ठेवू नका.

मी एकदा एका मादीचं अंडी घालणं चादरीच्या फटीतून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलंय. दुपारी तिने उकरायला घेतलं. पुढच्या पायांनी वाळू ओढायची, मागच्यांनी बाहेर फेकायची, थोड्या वेळाने उलटं फिरून बाहेर यायचं आणि दोन्ही डोळे गरगरा फिरवून खोली न्याहाळायची. संध्याकाळपर्यंत तिची शेपूटसुद्धा दिसेनाशी झाली. रात्री दिवे गेले तेव्हा ती आतच होती. सकाळी बघितलं तर ती आत वळून बसली होती आणि भोकाच्या तोंडाशी फक्त डोकं दिसत होतं, डोक्यावरच्या तुऱ्यावर ओली वाळू चिकटलेली. दुपारनंतर वर आली आणि मागच्या पायांनी वाळू लोटून, थापून, जागा अशी सपाट केली की तिथे काही होतं यावर विश्वास बसू नये. पोट आत गेलेलं, कातडी लोंबत असलेली, मातीने माखलेली ती वरच्या फांदीवर गेली आणि ड्रिपरखाली, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या भांड्याखाली, तोंड धरून पाणी पीतच राहिली. मग पहिला रातकिडा खाल्ला. पंधरा दिवस तिने तोंडात काही घेतलं नव्हतं.

आता धोक्याच्या खुणा. ती दिवसा डोळे मिटून बसायला लागली, फांदीची पकड ढिली पडली, तळाशी निपचित पडून राहिली, पाय थरथरायला लागले, किंवा दोन दिवस खणून-खणून काही न घालता थकून बसली, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. मग रात्र असो की रविवार. अंडी अडकणं हे पाळीव व्हेल्ड माद्यांच्या मरणाचं फार नेहमीचं कारण आहे. डॉक्टर एक्स-रे काढतील, आधी सलाइन देऊन अंगातलं पाणी भरून काढतील, कॅल्शियम देतील, काही वेळा अंडी सुटायचं इंजेक्शन देऊन बघतील. त्या इंजेक्शनचा सरड्यांवर भरवसा कमी असतो, म्हणून वेळ न घालवता शस्त्रक्रिया करावी लागते. वेळेत नेलेली मादी त्यातून चांगली वाचते. तुमच्या भागात कुणी मिळत नसेल तर सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या डॉक्टरांची ‘एआरएव्ही’ नावाची संघटना आहे, तिच्या संकेतस्थळावर आपल्या भागातले डॉक्टर शोधता येतात. नंबर आजच काढून फ्रिजवर लावून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधायला वेळ नसतो.

पोट चाचपून अंडी आहेत का हे बघायचा मोह होईल. बोटाला द्राक्षांसारख्या गाठी लागतात हे खरं, पण दाबू नका. आत फुटलं तर सगळंच हातचं गेलं.

आता दुसरा भाग. अंडी आहेत असं मी फोटोवरून म्हणतेय, आणि फोटोवरून म्हटलेलं चुकू शकतं. शिवाय अंडी असली तरी ती सुखरूप बाहेर येणं तिच्या हाडांवर आणि अंगातल्या पाण्यावर अवलंबून आहे. तुमच्या चौथ्या फोटोत मला दोन गोष्टी खटकल्या: दिवा आणि थर्मामीटर.

दिव्यापासून सुरू करते, कारण माझ्याकडे येणाऱ्या न खाणाऱ्या कॅमेलिऑनांचं निम्मं दुखणं छतावर टांगलेलं असतं. तुमच्याकडे गुंडाळीचा छोटा यूव्हीबी बल्ब आहे, पिंजऱ्यासोबत आलेला. यूव्हीबी म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार. असा बल्ब त्याच्या अगदी खाली तळहाताएवढ्या जागेतच पुरेसा पडतो. बाकी पिंजरा यूव्हीबीच्या हिशेबाने अंधारात. दुसरं म्हणजे, यूव्हीबी आपल्या डोळ्यांना दिसत नाही. बल्ब लख्ख पेटलेला दिसतो, पण त्यातलं यूव्हीबी महिन्यामहिन्याने उतरत जातं. आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा इथे उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते.

यूव्हीबी नाही तर कातडीत ड जीवनसत्त्व बनत नाही. ते नाही तर पोटात गेलेलं कॅल्शियम रक्तात येत नाही. रक्ताला तर कॅल्शियम हवंच असतं, मग शरीर ते हाडांतून काढायला लागतं. पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा मऊ होतो, बरगड्यांवर गाठी येतात. पण त्याच्याही आधी, हाडं वाकलेली दिसायच्या कितीतरी आधी, प्राणी खाणं सोडतो. याचं कारण जिभेत आहे. शेपूट सोडली तर अंगाच्या दीडपट-दुप्पट लांब जीभ डोळ्याचं पातं लवायच्या आत फेकायची म्हणजे स्नायूंना जोर हवा, आणि स्नायूला कॅल्शियमशिवाय जोर येत नाही. असा कॅमेलिऑन रातकिड्यावर दोन्ही डोळे रोखतो, तोंड उघडतो, जिभेचं टोक बाहेर काढतो आणि तसाच थांबतो. नेम धरलेला, पण जीभ सुटतच नाही. मग तोंड मिटतो. दोन-चारदा असं झालं की प्रयत्नच सोडतो. घरच्यांना वाटतं, भूक नाही. भूक असते. म्हणून मी सगळ्यांना विचारते: किड्याकडे बघतो का? बघून तोंड उघडतो का? जीभ जाते का, आणि जाऊन किडा चिकटतो का? ‘खात नाही’ या दोन शब्दांत हे चार वेगवेगळे आजार लपलेले असतात.

तुमच्या मिठूच्या बाबतीत तर दुप्पट काळजी, कारण अंड्यांनाही कॅल्शियम लागतं आणि ती बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही. यूव्हीबीची टी-५ प्रकारची सरळ नळी आणा, जिच्यावर ५.० किंवा ६ टक्के लिहिलेलं असेल अशी, पिंजऱ्याच्या रुंदीइतकी. ती बसायच्या फांदीपासून २० ते २५ सेंटिमीटर वर यायला हवी. रोज १२ तास. वर्षाच्या आत बदलायची, पेटत असली तरी. रातकिड्यांना ड-३ नसलेली कॅल्शियमची पूड जवळपास प्रत्येक वेळी, हलकीशी, भजीला पीठ लागावं तशी नव्हे तर पावडरचा हात फिरवावा तशी. ड-३ आणि मल्टिव्हिटॅमिन असलेली पूड महिन्यातून दोनदा, जास्त नाही. नळी आल्यावर चार दिवसांत फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, हाडांना महिने लागतात.

थर्मामीटरवर शेकायच्या फांदीपाशी ९५ फॅरनहाइट दिसतंय, म्हणजे ३५ सेल्सिअस. हे तिच्यासाठी जास्त आहे. मादीला ८० ते ८५ फॅरनहाइट पुरे, म्हणजे २७ ते २९ सेल्सिअस, आणि पिंजऱ्याचा खालचा भाग खोलीइतका थंड हवा. रात्री सगळे दिवे बंद आणि तापमान उतरलेलं. लाल-निळे रात्रीचे बल्ब नकोत. सतत जास्त शेक आणि सतत भरपूर खाणं मिळालं की मादीचं शरीर जास्त अंडी धरतं. एका वेळी वीस-तीस अंडी होतात तशी सत्तर-ऐंशीही होतात, आणि हा फरक बऱ्याच अंशी आपल्या हातात असतो.

याच्या उलट, थंड पिंजराही खाणं बंद करतो. अंग गरम नसेल तर पोटातलं पचत नाही, आणि आधीचं पचलं नाही तर पुढचं खायचं कसं? हिवाळ्यात खिडकीपाशी ठेवलेल्या पिंजऱ्यांत हे नेहमी सापडतं. यूव्हीबी, ऊब आणि पाणी या तिन्हींत कुठेही कमी असेल तर बाकीच्या तपासण्यांचे पैसे आधी वाचवा आणि ते दुरुस्त करा.

पाण्याचं तुमचं बरं चाललंय असं वाटतं. कॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा ओळखतच नाही, पानावरचा थेंब चाटतो. दुसऱ्या फोटोतली विष्ठा मी नीट पाहिली. काळपट भाग सोडून जो पांढरा असतो, ती त्याची लघवी, घट्ट झालेली. ती पांढरी शुभ्र असेल तर पाणी पुरतंय. टोकाला थोडी पिवळी-केशरी चालते, तुमच्याकडे तशीच आहे. पण अख्खी केशरी, खडूसारखी कोरडी झाली, डोळ्यांचे उंचवटे आत गेले, तर आधी पाणी, खाण्याचं नंतर. सकाळी दिवा लागण्याआधी आणि संध्याकाळी दोन-दोन मिनिटं बारीक फवारा, दुपारी तासभर ड्रिपर, आणि मधल्या वेळात पानं सुकू द्यायची. दिवसभर ओलंचिंब ठेवलं तर छाती धरते. छाती धरलेला प्राणी मान वर करून तोंड उघडून श्वास घेतो, कधी ‘टक टक’ आवाज येतो, तोंडाशी फेस दिसतो. उन्हाच्या फांदीवर तोंड उघडून बसणं वेगळं, ते गरम झाल्याचं लक्षण. थंड जागी, संध्याकाळी तसं केलं तर न्यूमोनिया समजा आणि डॉक्टरकडे न्या.

डोळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे वेळ फार जातो. निरोगी कॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही. डुलकी काढत असेल, लाजत असेल, असं काही नसतं. फवारा मारल्यावर डोळा फुगवून, गोल फिरवून, फांदीला घासून तो धुतो, ते चांगलं. पण दिवे चालू असताना दोन्ही डोळे मिटून बसणं म्हणजे अंगात काहीतरी बरंच बिघडलंय. एकच डोळा मिटलेला असेल तर बहुधा कचरा गेलाय किंवा पू झालाय. सरपटणाऱ्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही, पनीरसारखा घट्ट होतो, त्यामुळे तो थेंबांनी विरघळत नाही, काढावा लागतो. आणि दोन्ही पापण्या सुजल्यात, कात नीट निघत नाही, जीभ किड्यापर्यंत जाते पण किडा चिकटत नाही, सुटून पडतो, असं दिसलं तर अ जीवनसत्त्व कमी पडल्याचा संशय घ्या. मी तयार अ जीवनसत्त्व असलेली पूड सुचवते, पण मोजून. ते जास्त झालं तरी विषासारखं बाधतं, म्हणून घरी अंदाजाने कॅप्सूल फोडून द्यायची नाही.

तोंड घरी उघडून बघू नका. तो स्वतः तुमच्यावर फिसकारून तोंड उघडेल तेव्हा फोटो काढा. हिरड्यांवर पिवळे चट्टे, जबड्याच्या कोपऱ्यात घाण वासाचा मेणासारखा थर, एका बाजूला सूज, यांपैकी काही असेल तर चावायला दुखतं म्हणून खाणं बंद आहे.

विष्ठेची तपासणी मात्र प्रत्येकाने करून घ्यावी, लक्षणं असोत नसोत. ताजी विष्ठा, ओल्या टिशूसकट झिपच्या पिशवीत, फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत द्यायची. फ्रीझरमध्ये नाही. जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) हे पाळलेल्या कॅमेलिऑनांत सर्रास असतात, रातकिड्यांतूनही येतात. थोडे असले तर त्रास नाही, पण प्राणी दुसऱ्या कारणाने खचला की ते वाढतात. दुकानातून जंताचं औषध आणून अंदाजाने देणं चुकीचं आहे, कुठला जंत त्यावर औषध ठरतं.

काही वेळा मात्र कारण साधं असतं. रोज तेच रातकिडे खाऊन कंटाळा येतो. रेशमाच्या अळ्या, हिरव्या हॉर्नवर्म अळ्या, ड्युबिया झुरळं, अधूनमधून एखादी माशी, असं बदलून बघा. किडा देण्याआधी दिवसभर त्याला पालेभाजी, गाजर खाऊ घाला, रिकाम्या पोटाचा किडा म्हणजे नुसतं टरफल. उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात सोडू नका, झोपलेल्या कॅमेलिऑनला ते कुरतडतात. आणि उन्हाळ्यात अंगणात मुलं काजवे पकडतात, तो काजवा चुकूनही देऊ नका. एका काजव्यातलं विष सरड्याला मारायला पुरतं. वर्षाच्या आसपास वाढ थांबते तेव्हा भूक आपोआप उतरते. मोठ्या प्राण्याला दिवसाआड चार-पाच रातकिडे पुरतात. कात टाकताना एकदोन दिवस उपास ठरलेला. नर असेल तर काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब किंवा समोरच्या पिंजऱ्यातला दुसरा कॅमेलिऑन एवढंही कारण पुरतं, तो दिवसभर भांडणाच्या तयारीत उभा राहतो. पिंजरा जमिनीवर नको, माणसाच्या डोळ्यांच्या वर बसता येईल असा उंच हवा. आपण वरून वाकलो की तिला घार दिसते.

किती दिवस न खाल्लं तर घाबरायचं, हे दिवसांवर नाही, वजनावर ठरवा. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा चालतो, फक्त तो पुन्हा पिठाला वापरू नका, वेगळाच घ्या. त्यावर एक छोटी फांदी ठेवून काटा शून्यावर आणा आणि तिला फांदीवर चढू द्या. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, वहीत लिहून. मोठ्या प्राण्याचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर डॉक्टर. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू असेल तर दोन दिवसांचा उपासही गंभीर, तिथे वाट बघू नये. तुमच्या मुलाला हे काम द्या. अकरा वर्षांचं मूल वही फार नीट ठेवतं, आणि त्याला रडत बसण्यापेक्षा हाताला काम मिळेल.

आता सिरिंजबद्दल, कारण तुम्हाला नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. तिथे हात बसला तो गाई-म्हशींवर, सरडे इकडे आल्यावर शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका घरचा लहान पँथर कॅमेलिऑन माझ्याकडे आला होता. आठवडाभर खाल्लं नव्हतं, घरचे काकुळतीला आलेले. मलाही वाटलं, आधी पोटात काहीतरी जाऊ दे. मी अंगठ्याने त्याचा खालचा जबडा खाली ओढला आणि तो माझ्या बोटाखाली वाकला. आवाजसुद्धा झाला नाही. हाडात कॅल्शियमच नव्हतं. एक्स-रे मी त्यानंतर काढला, जो आधी काढायला हवा होता. तो प्राणी पाच दिवसांनी गेला. ते बोटाखालचं मऊपण अजून माझ्या हातात आहे, आणि म्हणून मी आजही तोंडाला हात लावण्याआधी पाय, बरगड्या आणि एक्स-रे बघते.

जबडा मजबूत असला तरी भरवण्यात आणखी धोके आहेत. कॅमेलिऑनच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, घाईत दाबलं की पातळ अन्न फुप्फुसात जातं. थंड, पाणी कमी झालेल्या प्राण्याच्या पोटात घातलेलं अन्न पचत नाही, सडतं. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरवलं तर रक्तातले क्षार बिघडून तो दगावू शकतो. म्हणून क्रम असा: आधी ऊब, मग पाणी, मग कारण शोधणं, आणि भरवणं सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टरने हाताने दाखवून दिल्यावर. आणि अंडी पोटात असलेल्या मादीला हातात दाबून धरून भरवणं तर दुहेरी जोखीम.

सासूबाईंना सांगा, कॅमेलिऑन विषारी नसतो. त्याला विषाचे दात नसतात, नांगी नसते. आपल्याकडच्या घोयऱ्यालाही गावोगाव विषारी समजून दगड मारतात, त्याचीही हीच गोष्ट. घोयरा आपला भारतीय कॅमेलिऑन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तो पकडून पाळणं गुन्हा आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांपैकी कुणाला तो बागेत सापडला तर त्याला डबीत घालून माझ्यासारख्याला ‘काय खाऊ घालू’ विचारू नका, त्याला झाडावर जाऊ द्या. जखमी असेल तर वन विभागाला कळवा.

मात्र सासूबाईंची काळजी अगदीच अनाठायी नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असतात, प्राणी ठणठणीत असला तरी. तुम्ही लिहिलंय की धाकटी तीन वर्षांची आहे. पाच वर्षांखालच्या मुलांनी या प्राण्याला आणि पिंजऱ्याला हात लावू नये. मोठ्यांनी लावला तर साबणाने हात धुवायचे. पिंजऱ्यातली भांडी आणि वाळूचा डबा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नका.

अंडी घालून झाली की तिला तासभर ड्रिपर लावा, आणि पुढचे दोन-तीन दिवस भरपूर, कॅल्शियम लावलेलं खायला द्या. मग दिवसाआड तीन-चार रातकिडे, तापमान मी सांगितलं तेवढंच. अंडी वाळूतून काढून मोजा आणि टाकून द्या, त्यांतून काही निघणार नाही. तीन-चार महिन्यांनी पुन्हा हीच वेळ येऊ शकते, तेव्हा डबा धुऊन ठेवा. आज रात्री चादर लावण्याआधी तिचं वजन करून घ्या, अंडी घातल्यावर पुन्हा करा, आणि दोन्ही आकडे आणि अंड्यांची संख्या मला कळवा. परवा सकाळपर्यंत वाळू जशीच्या तशी असेल आणि ती डोळे मिटून बसलेली असेल, तर मला लिहिण्यात वेळ घालवू नका, तडक डॉक्टरकडे निघा.